बघ्याची भाषा आणि गवंड्याची भाषा



व्यवसायबोलीचा विचार करताना या पाठात आपण बांधकामाचे क्षेत्र घेणार आहोत. कुठे इमारतीचे काम चालू असले की माणसे थांबून पाहतात. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच. एक वीट सरळ बसवणे त्याला जमत नाही, पण पाहण्याची हौस दांडगी. अशा बघ्याजवळ कौतुकाचे शब्द पुष्कळ असतात : भव्य, देखणी, भक्कम. मात्र त्याच्या वाक्यांची रचना तपासा. ‘इमारत उभी राहिली’, ‘पूल झाला’, ‘वास्तू साकारली’. तिन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. इमारत जणू आपली आपणच उभी राहते. ती उभी करणारा कर्ता वाक्यातून गळालेला असतो आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे त्याची उणीव कोणाला भासतही नाही.

परांचीवरील भाषा वेगळी आहे. तेथे सकर्मक क्रियापदांची वर्दळ असते आणि बहुतेक कामांना आपापले क्रियापद ठरलेले असते. पाया खणतात, भिंत चढवतात, माल कालवतात, छप्पर शाकारतात, दर्जा भरतात. यांतील क्रियापदांची अदलाबदल करून पाहा. मराठी भाषकाचा कान ती स्वीकारणार नाही. संपूर्ण घर मात्र ‘बांधतात’. गाठीला, फेट्याला आणि अंदाजाला जे क्रियापद, तेच घराला. अलीकडे हिंदीच्या प्रभावाने ‘घर बनवले’ असे सर्रास ऐकू येते. पोळी, चित्र आणि घर या तिहींना एकच क्रियापद पुरवणे सोयीचे असेल. पण त्यात हातांनी नेमके काय केले हे कळेनासे होते, असे आमचे मत आहे.

‘दर्जा भरणे’ हा प्रयोग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. येथील ‘दर्जा’ म्हणजे गुणवत्ता नव्हे. ‘दरज’ म्हणजे दोन दगडांमधील किंवा विटांमधील फट; ‘दर्जा’ हे तिचे अनेकवचन. मूळ फारसी शब्दाचा अर्थ शिवण, सांधा. शिंप्याला ‘दर्जी’ म्हणतात तेही त्यावरूनच. गुणवत्तेचा ‘दर्जा’ अरबीतून आला आहे. त्याचा मूळ अर्थ पायरी. दोन वेगळ्या कुळांतील शब्द एकाच रूपात भेटल्याचे हे चांगले उदाहरण होय. काटकोन तपासण्याचा ‘गुण्या’ही असाच फसवा आहे. त्याचा ‘गुण’ या शब्दाशी संबंध नाही. ग्रीक भाषेतील कोनवाचक ‘गोनिया’ फारसीतून आपल्याकडे आला. ‘ओळंबा’ संस्कृत ‘अवलंब’चा वंशज, तर ‘मिस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’चा.

आता वाक्याकडे वळू. गवंडी वरून ‘माल!’ अशी हाक देतो आणि खालचा मजूर घमेले भरून वर देतो. बाजारात ‘माल’ म्हणजे विक्रीची वस्तू. येथे कालवलेले सिमेंट-वाळू किंवा चुना. शब्द एकच, पण तो नाम आहे की संपूर्ण आज्ञार्थी वाक्य? लुडविग विट्गेनस्टाइन या तत्त्वज्ञाने नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. १९५३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’च्या आरंभीच त्याने एक गवंडी व त्याचा मदतनीस कल्पिला आहे. ठोकळा, खांब, फरशी, तुळई एवढ्याच शब्दांवर त्यांचा व्यवहार चालतो. विट्गेनस्टाइन मात्र केवळ बघ्या नव्हता. १९२६ ते १९२८ या काळात बहिणीसाठी व्हिएन्नामध्ये बांधलेल्या घराच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता.

बोली नोंदवताना बघ्याचा अर्थ गृहीत धरू नये. ‘काल स्लॅब पडला’ हे वाक्य वर्तमानपत्रात आले तर आपण जखमींची संख्या शोधतो. बांधकामावर तेच वाक्य समाधानाने उच्चारले जाते, कारण तेथे त्याचा अर्थ स्लॅब ओतून पूर्ण झाला असा होतो.

तुमच्यापैकी काहींच्या घरी हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत असेल, काही जण स्वतःही करीत असतील. या पाठातील शब्द त्यांना अपुरे वाटतील आणि ते योग्यच आहे.

उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या गवंड्याशी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, बोला. हत्यारांची नावे आधी न सांगता ‘हे काय?’, ‘याने काय करता?’ एवढेच विचारा. मिळालेले शब्द उच्चाराप्रमाणे लिहा आणि प्रत्येक नामासोबत येणारे क्रियापद न विसरता नोंदवा.