‘तरतूद नाही’ म्हणजे नेमकं काय? राज्याच्या जमाखर्चाचा अंदाज समजून घेऊ या



गेल्या मार्चमध्ये आपल्या एका ग्रामसंघातल्या ताया आणि मी एका कार्यालयात गेलो होतो. मागणी साधी होती. मसाला कांडपाच्या कामासाठी गावात एक शेड हवी होती. अर्ज मी लिहून दिला होता, सह्या सगळ्यांच्या होत्या. साहेबांनी अर्ज नीट वाचला आणि म्हणाले, “मागणी चांगली आहे, पण या वर्षी तरतूद नाही.”

परत येताना वडापमध्ये एका मावशींनी मला विचारलं, “तरतूद नाही म्हंजी काय गं? नोटा तर सरकारच छापतंय ना?”

मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर समजून घेतलं तेव्हा कळलं की आमचा अर्ज बरोबर होता, पण तो चार-पाच महिने उशिरा गेला होता. ही चूक तायांची नव्हती, माझी होती. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा पाठ.

राज्य सरकार नोटा छापत नाही

आधी मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. नोटा रिझर्व्ह बँक काढते. राज्य सरकारला नोट छापण्याचा अधिकार नाही. आपल्या गटासारखंच राज्याचं आहे: जमा होईल तेवढं खर्चायचं, कमी पडलं तर कर्ज काढायचं आणि व्याजासह फेडायचं. केंद्राचं कर्ज अंगावर असेल तर नवीन कर्ज काढायला राज्याला केंद्राची परवानगी लागते. राज्यघटनेच्या कलम 293 मध्ये तसं सांगितलं आहे.

आपण गटात एमसीपी करतो. कोणाला शेळी घ्यायची, कोणाला शिलाई मशीन, बचत किती होईल, बँकेकडून किती मागायचे, हे सगळं आधी कागदावर मांडतो. राज्याचं असंच पुढच्या वर्षाचं कागदावरचं गणित म्हणजे अर्थसंकल्प. कलम 202 मध्ये त्याला ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ म्हटलं आहे. वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं.

जमा कुठून येते?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं कर भरतो? भरतो की. साबणाची वडी घेतली की त्यात जीएसटी असतो. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा जीएसटी अर्धा राज्याला आणि अर्धा केंद्राला जातो. गाडीत पेट्रोल टाकलं की राज्याचा व्हॅट द्यावा लागतो. जमिनीचं खरेदीखत केलं की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी येते. याशिवाय दारूवरचं राज्य उत्पादन शुल्क, वाहनांवरचा कर आणि वीज शुल्क असतंच. हे झालं राज्याचं स्वतःचं उत्पन्न.

दुसरा झरा केंद्राचा. केंद्राच्या वाटपयोग्य करांतले 100 पैकी 41 रुपये सगळ्या राज्यांत मिळून वाटायचे, असं 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ठरवून दिलं. त्या 41 रुपयांतले सुमारे 6.3 टक्के, म्हणजे साधारण 2 रुपये 59 पैसे, महाराष्ट्राचे. शिवाय योजनांसाठी केंद्राचं अनुदान येतं. आपल्या अभियानाचंच बघा. केंद्राचे 60 रुपये आणि राज्याचे 40 रुपये, अशी वाटणी आहे. म्हणजे राज्याने आपले 40 आधी अर्थसंकल्पात धरून ठेवावे लागतात.

जमेचा अंदाज कसा बांधतात?

शेतात उभं पीक बघून आपण सांगतो, “यंदा वीस पोती होतील.” ते हवेतलं नसतं. मागच्या वर्षी किती झालं, यंदा पाऊस कसा झाला, कणीस किती भरलं, हे बघूनच आपण बोलतो. वित्त विभागही तेच करतो:

1. मागच्या वर्षांत प्रत्यक्ष किती कर जमा झाला ते बघतो.
2. चालू वर्षात आतापर्यंत किती आला ते बघतो. पहिल्या आठ महिन्यांच्या जमाखर्चावरून ‘आठमाही’ अंदाज करतात, तो याचसाठी.
3. राज्याचं एकूण उत्पन्न किती वाढेल ते धरतो. शेती, कारखाने आणि व्यापार वाढला की करही वाढतो. अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ सभागृहात मांडतात, त्यात ही माहिती असते.
4. दरांतला बदल आणि सवलती मोजतो. एप्रिल 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. आपल्यासाठी ती चांगली गोष्ट, पण हिशोब करणाऱ्याला तेवढी जमा कमी धरावी लागते.

तरी अंदाज चुकतो. 2020 मध्ये मार्चच्या सुरुवातीला अर्थसंकल्प मांडला आणि महिना संपायच्या आत टाळेबंदी लागली. दुकानं बंद, गाड्या बंद, खरेदीखतं बंद, मग कर कुठून येणार? 4 मे 2020 ला वित्त विभागाने निर्णय काढला की विकासाच्या कामांना त्या वर्षी तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल. पुस्तकात 100 रुपये लिहिलेले, हातात 33. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खर्चाचा अंदाज कसा बांधतात?

घरातही काही खर्च टळत नाहीत. किराणा, लाईट बिल, कर्जाचा हप्ता आधी बाजूला काढावा लागतो. राज्याचे असे न टळणारे खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज. महाराष्ट्रात महसुली जमेतला निम्म्याहून जास्त पैसा या तिघांवरच जातो. याला ‘अनिवार्य खर्च’ म्हणतात. उरलेल्यातून योजना, रस्ते, पाणी, दवाखाने होतात. तो ‘कार्यक्रम खर्च’.

योजनेचा अंदाज काढायची रीत अगदी आपल्या वहीतली आहे: माणसं किती, प्रत्येकीला किती, महिने किती.

‘लाडकी बहीण’ योजनेचं उदाहरण घेऊ. महिन्याला 1,500 म्हणजे वर्षाला एका बहिणीचे 18,000 रुपये. जून 2024 मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला सुमारे 46,000 कोटी लागतील असं सांगितलं होतं. त्याला 18,000 ने भागा. अडीच कोटींहून थोड्या जास्त बहिणी होतात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात याच योजनेसाठी 36,000 कोटी धरले. पुन्हा भागा. बरोबर 2 कोटी बहिणी. म्हणजे पुस्तकातल्या एका आकड्यावरून तुम्हाला स्वतः कळतं की वर्षभराच्या किती हप्त्यांचा पैसा बाजूला ठेवला आहे. त्यासाठी कोणा पुढाऱ्याला विचारत बसायची गरज नाही.

तूट म्हणजे काय?

10 मार्च 2025 ला तेव्हाचे वित्तमंत्री अजित पवार यांनी 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. त्यातले आकडे वाचताना ‘कोटी’ हा शब्द क्षणभर हाताने झाका आणि एका घराचा हिशोब आहे असं समजा.

वर्षाची नेहमीची कमाई 5,60,964. नेहमीचा खर्च 6,06,855. कमी पडले 45,891. ही ‘महसुली तूट’. म्हणजे रोजच्या खर्चालाच कमाई पुरली नाही.

शिवाय घर बांधणं, विहीर खोदणं असा टिकाऊ खर्च वेगळा असतो. तो भांडवली खर्च. सगळा मिळून खर्च 7,00,020. कर्ज सोडून जेवढं येतं आणि जेवढं खर्च होतं, त्यातला फरक म्हणजे ‘राजकोषीय तूट’. ती 1,36,235 धरली होती. साध्या भाषेत सांगायचं तर वर्षभरात एवढी उसनवारी करावी लागणार. आता झाकलेला ‘कोटी’ परत जागेवर ठेवा.

कर्ज काढणं वाईटच असं नाही, हे आपल्याला गटामुळे माहीत आहे. कर्जातून म्हैस घेतली तर ती दूध देते. कर्जातून सण केला तर फक्त हप्ता उरतो. म्हणून तूट ऐकली की दोन प्रश्न विचारायचे: पैसा कशावर गेला, आणि फेडणार कशातून? राज्यावर लगाम राहावा म्हणून 2005 चा राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदाही आहे.

एकाच वर्षाचे तीन आकडे

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका वर्षाचे तीन आकडे येतात. आधी ‘अर्थसंकल्पीय अंदाज’, वर्ष सरत आलं की ‘सुधारित अंदाज’, आणि सगळं संपल्यावर ‘प्रत्यक्ष’.

2024-25 चं बघा. महसुली जमा 4,99,463 कोटी धरली होती, ती सुधारून 5,36,463 कोटी झाली. म्हणजे 37,000 कोटींनी वाढली. पण एकूण खर्च 6,12,293 कोटी धरला होता, तो 6,72,030 कोटींवर गेला. ही वाढ 59,737 कोटींची. जमा वाढली, पण खर्च तिच्या पुढे पळाला. वाढीव खर्चासाठी सरकारला पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात ‘पुरवणी मागण्या’ मांडून पुन्हा विधिमंडळाची मंजुरी घ्यावी लागते. विनियोजनाचा कायदा झाल्याशिवाय राज्याच्या संचित निधीतून पैसा काढता येत नाही. आपल्या गटात ठरावाशिवाय बँकेतून पैसे निघत नाहीत, तसंच हे.

तीन शब्द पाठ करा: तरतूद, वितरण, खर्च

तरतूद म्हणजे पुस्तकात त्या कामाच्या नावावर, म्हणजे त्याच्या लेखाशीर्षावर, रक्कम लिहिली आहे. वितरण म्हणजे त्यातली रक्कम खालच्या कार्यालयाला प्रत्यक्ष सोडली. खर्च म्हणजे काम होऊन बिल निघालं.

तरतूद असूनही वितरण कमी होऊ शकतं. 2020 चे ते 33 रुपये आठवा. वितरण होऊनही 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर बहुतेक निधी परत जातो. म्हणून कोणी म्हणालं, “निधी नाही,” तर गप्प बसून परत यायचं नाही. शांतपणे विचारायचं, “साहेब, तरतूदच नाही, की तरतूद आहे पण वितरण झालं नाही?” पहिलं उत्तर आलं तर पुढच्या वर्षीच्या आराखड्यात नाव घालायचं. दुसरं आलं तर पाठपुरावा करायचा.

मग आपण कधी बोलायचं?

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये टीव्हीवर दिसतो, पण तो शिजायला लागतो पावसाळा संपता संपता. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खालची कार्यालयं आपापले अंदाज वर पाठवतात. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडाही हिवाळ्यात आकार घेतो. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरपासून सुरू होतो. आमचा अर्ज मार्चमध्ये गेला. तोवर ताट वाढून झालं होतं.

दोन हक्काच्या जागाही लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आणि जिल्हा वार्षिक योजनेतला 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखीव आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायलाच हवी, असं कायदा सांगतो. आपली मागणी त्या सभेच्या ठरावात आली की तिला वजन येतं.

शेडवाल्या तायांनी या वेळी तसंच केलं. सप्टेंबरमध्ये गटागटांत चर्चा, मग महिला सभेत ठराव, मग ग्रामसभेत वाचन. सोबत किती बायका काम करणार, किती फूट जागा आणि अंदाजे किती खर्च, असा एक पानाचा हिशोब जोडला. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शेडचं नाव आलं आहे. शेड अजून उभी नाही आणि कधी उभी राहील हे मी सांगणार नाही. पण आता “तरतूद नाही” म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे कागद आहे. वडापमधल्या मावशींनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला आहे.

पुढच्या बैठकीत करायचा अभ्यास

1. ‘लाडकी बहीण’चा हप्ता 100 रुपयांनी वाढला आणि बहिणी 2 कोटी असतील, तर वर्षाचा वाढीव खर्च किती? (उत्तर: 2,400 कोटी रुपये. तो कुठून आणता येईल, यावर दहा मिनिटं चर्चा करा.)
2. घरी आठवडाभरात काय काय विकत घेतलं त्याची यादी करा. कोणत्या वस्तूवर कर दिला, ते बिलावरून शोधा.
3. आपल्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न किती, त्याचे 10 टक्के किती होतात आणि ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसेवकांना विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा.
4. गावाची एकच मागणी निवडा. माणसं किती, दर किती, महिने किती, असा हिशोब एका पानावर मांडा.

चौथ्या प्रश्नाचं पान सप्टेंबरच्या आत माझ्याकडे द्या. या वेळी मी उशीर करणार नाही.

तुमची,
प्रभाग समन्वयक