बदलण्याआधी मोजा!
(गाडीतल्या साऊंड सिस्टिमचे वीजदोष कसे शोधावेत)



उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर-गडहिंग्लज रस्त्यावर झोपायची सोय राहत नाही. रात्री दोन वाजता ट्रॅक्टर येतो, मागे दोन ट्रॉल्या ऊस, आणि पुढे टेप फुल्ल! होस्टेलवाल्यांनी याला कितीही नावं ठेवली तरी ड्रायव्हरची बाजूही समजून घेतली पाहिजे. रात्रभर एकट्याने जागं राहायचं तर सोबतीला काहीतरी हवंच. तीच गोष्ट आपल्या मित्रांच्या सेकंडहँड गाड्यांची. गाडी कशीही असो, आत बॉक्स आणि अँप्लिफायर पाहिजेच.

पण हा अँप्लिफायर कधीकधी मध्येच बंद पडतो. ठोक्याबरोबर लाईट मिचकावतात. सकाळी स्टार्टर फिरत नाही. मग ‘बॅटरी गेली’, ‘अल्टरनेटर गेला’, ‘अँपच डुप्लिकेट’ असे निदान होते आणि एकेक वस्तू बदलली जाते. माझ्या मते यातला बराचसा खर्च टाळता येतो. त्यासाठी लागतो एक साधा मल्टिमीटर आणि फर्स्ट इयरला शिकलेले दोन नियम. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ‘रोध’, ‘विभवांतर’ असे शब्द मला जमणार नाहीत. गॅरेजमध्ये बोलतात तसेच लिहिते, सांभाळून घ्या.

आधी थोडे गणित

अँप्लिफायरच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेले असते. त्यावर जाऊ नका, अँपचा फ्यूज बघा. फ्यूज ३० अँपिअरचा असेल तर इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला तो अँप सलग जास्तीत जास्त ३० × १३.८ = ४१४ वॅट घेऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अँपची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर बाहेर पडतात साधारण २५० वॅट. बाकीची उष्णता. क्लास डी अँपमध्ये हीच कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या पुढे जाते, पण हजार वॅट तिथेही होत नाहीत.

आता हे ३० अँपिअर ज्या वायरमधून येतात ती बघू. ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५ मीटर तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स साधारण ०.०२१५ ओहम असतो. ऐकायला काहीच नाही. पण ओहमचा नियम लावा: ३० × ०.०२१५ = ०.६५ व्होल्ट. म्हणजे पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमध्येच खर्च झाले. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची घेतली तर खर्च फक्त ०.१६ व्होल्ट. घरच्या २३० व्होल्टमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही, पण १२ व्होल्टच्या गाडीत दोन व्होल्ट गेले की अँप ‘प्रोटेक्ट’ची लाल बत्ती लावून बसतो.

दुसरा नियम किर्चहॉफचा. एका लूपमध्ये जेवढे व्होल्ट बॅटरीने दिले, तेवढेच वाटेत सगळे मिळून खर्च होतात. हा नियम त्याने १८४५ साली मांडला तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्याच वयाचा! आपल्या कामासाठी या नियमाचा अर्थ सरळ आहे. व्होल्ट हरवत नाहीत, कुठेतरी खर्च होतात. ते कुठे, एवढेच शोधायचे.

मीटर लावण्याआधी

१. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना प्लस टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये टेकला तर तो तिथेच वेल्ड होऊ शकतो.

२. वायर काढाजोडायची असेल तर आधी बॅटरीचे मायनस टर्मिनल काढा. लावताना मायनस शेवटी.

३. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ काडी, बिडी, सिगारेट नको.

४. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल उचलून अल्टरनेटर ‘चेक’ करायची जुनी सवय आहे. ती सोडा. त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारते आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरसकट काहीही जळू शकते.

५. मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका. साध्या मीटरची अँपिअरची मर्यादा बहुधा १० असते. अँपचा करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्प मीटर घ्या.

पायरी पायरीने तपासणी

पहिली पायरी: गाडी काही तास बंद ठेवून बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकीचे नंतर.

दुसरी पायरी: इंजिन चालू करून मोजा. साधारण १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या आतच घुटमळत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटरकडे बघा. हल्लीच्या काही गाड्यांमध्ये कॉम्प्युटर व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.

तिसरी पायरी ही सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच गाळतात. सिस्टिम जोरात वाजत असतानाच मोजायचे. बंद अँपला टर्मिनलवर १२.६ दिसतात, कारण करंटच वाहत नाही. करंट नाही तर ड्रॉप नाही, आणि खराब जोडसुद्धा साळसूद दिसतो. गाण्यावर आकडे नाचतात, म्हणून पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा एकसारखा टोन घ्या आणि अर्धा-एक मिनिटच वाजवा. जास्त वेळ नको, स्पीकरची कॉइल तापते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि चार आकडे लिहून घ्या:

अ) बॅटरीच्या प्लस आणि मायनस खांबांमध्ये.
ब) अँपच्या प्लस आणि अर्थिंग स्क्रूमध्ये.
क) बॅटरीच्या प्लस खांबापासून अँपच्या प्लस स्क्रूपर्यंत.
ड) बॅटरीच्या मायनस खांबापासून अँपच्या अर्थिंग स्क्रूपर्यंत.

टोक खांबावरच टेकवा, त्यावरच्या क्लॅम्पवर नको, म्हणजे क्लॅम्पचा गंजही मोजला जातो. अ = ब + क + ड असे यायला हवे. क किंवा ड यांपैकी कुठलाही अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की त्या बाजूला दोष आहे. मग टोक एकेक जोड पुढे सरकवत जा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तोच जोड गुन्हेगार.

चौथी पायरी: अँप चालूच होत नसेल तर रिमोटची वायर बघा. बाजारातल्या डेकला बहुधा पिवळी वायर कायम १२ व्होल्टसाठी, लाल चावीनंतरच्या १२ व्होल्टसाठी, काळी अर्थिंगसाठी आणि निळी-पांढरी अँपला जागं करण्यासाठी असते. डेक चालू केल्यावर निळ्या-पांढऱ्यावर १२ च्या आसपास व्होल्ट आले पाहिजेत.

पाचवी पायरी: सकाळी गाडी स्टार्ट होत नसेल तर चावी काढून, दारं बंद करून मायनस टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. थोडा वेळ थांबा, म्हणजे गाडीचे सगळे सर्किट झोपतात. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नका. आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर दिसला तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ७० तासांत रिकामी होते, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात वर करतो. डेकची लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून प्लसला जोडली असेल तर चोर बहुधा तिथेच सापडतो.

मामांचा ट्रॅक्टर

आता एक प्रत्यक्ष केस. माझ्या मामांचा ट्रॅक्टर हंगामात ऊस ओढतो. त्यावर डेक, अँप आणि दोन बॉक्स. गाणं वाढवलं की अँप बंद, आणि मडगार्डवरचा मागचा लाल दिवा ठोक्याबरोबर मंद व्हायचा. एका वायरमनने बॅटरी बदलायला सांगितली. साडेसहा हजार गेले. आठ दिवसांत पुन्हा तेच. मामा म्हणाले, “बॅटरी नवी घातली तरी हाय तेच बघ पोरी. गाणं लागलं की लाईट नाचतीया.”

मी वरचे चार आकडे घेतले. बॅटरीवर १३.६, अँपवर ११.३, प्लसच्या बाजूला ०.५ आणि अर्थिंगच्या बाजूला १.८. बेरीज बरोबर जुळली: ११.३ + ०.५ + १.८ = १३.६. म्हणजे बॅटरी निर्दोष, अल्टरनेटर निर्दोष, अँपही निर्दोष! अर्थिंगची वायर मडगार्डला एका बोल्टने कसली होती, तीही रंगावरूनच. खाली गंज. अँप २५ अँपिअर घेत असेल तर त्या जोडावर २५ × १.८ = ४५ वॅट उष्णता होत होती. लॅबमधल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त! बोल्टला हात लावला तर चटका बसत होता. मागच्या दिव्याचे अर्थिंगही त्याच मडगार्डमधून, म्हणून तो नाचत होता.

रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, नवी थिंबल दाबून बसवली, खाली स्टार वॉशर घातला, वरून ग्रीस लावले, आणि मडगार्डपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड वायर टाकली. पुन्हा मोजले: अर्थिंगच्या बाजूला ०.२, अँपवर १२.९. खर्च एका चहा-मिसळीएवढा.

पण खरी धोक्याची गोष्ट मोजताना वेगळीच दिसली. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली वायर फ्यूजशिवाय थेट अँपपर्यंत गेली होती, आणि ती पत्र्याच्या कडेवरून वाकवली होती. तिथे वरचे प्लॅस्टिक घासून अर्धे झाले होते. आणखी एखादा महिना गेला असता तर तांबे पत्र्याला टेकले असते. ट्रॅक्टरची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते. ४ चौरस मिलिमीटरची वायर काही क्षणांत लाल होते. शेजारून डिझेलचा पाईप, मागे वाळल्या पाल्यासकट ऊस, आणि सीटवर माणूस. गाणं थांबलं म्हणून आम्ही तिथे बघायला गेलो, नाहीतर कुणी बघितलंच नसतं.

फ्यूज कुणासाठी?

अँपला स्वतःचा फ्यूज असतो, मग आणखी कशाला, असे बरेच जण विचारतात. अँपचा फ्यूज अँपसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी. तो बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आतच हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. किती अँपिअरचा, हे वायरच्या जाडीवरून ठरवा. मामांच्या वायरला ३० चा बसवला आणि पत्र्याच्या भोकात रबरी बुश घातले. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा टाकू नका, चांदी गुंडाळू नका. तो काहीतरी सांगतोय, ते ऐका.

दोन गैरसमज

‘कपॅसिटर लावला की लाईट मिचकावणं थांबतं.’ एक फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना फक्त २६ ज्यूल देतो. ४१४ वॅटच्या अँपला हे सेकंदाच्या दहाव्या भागालाही पुरत नाहीत. खराब अर्थिंगवर तो उपाय नाही.

‘इंजिनाबरोबर वाढणारी कुईऽऽ म्हणजे स्पीकर फाटला.’ नाही. तो अल्टरनेटरचा आवाज आहे. डेक आणि अँपची अर्थिंग वेगवेगळ्या व्होल्टेजवर असली की तो आत शिरतो. अर्थिंग सुधारा, आणि सिग्नलची वायर पॉवरच्या वायरपासून लांब, दुसऱ्या बाजूने न्या. हे दुखणं जुनं आहे. १९३० साली अमेरिकेत मोटोरोला नावाने गाडीचे रेडिओ विकायला आले, तेव्हाही इंजिनाच्या स्पार्कची खरखर हीच मोठी डोकेदुखी होती.

शेवटी

आवाजाबद्दल एकच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शिवाय मागच्या एसटीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू आला पाहिजे, हा नियम कुणी न लिहिताही पाळावा.

आणि होस्टेलमधल्या मित्रांनो, आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी ट्रॅक्टर, जीप किंवा एखादी जुनी गाडी आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना बॅगेत मल्टिमीटर टाका. तिथे पोहोचल्यावर आधी एवढंच बघा: बॅटरीच्या प्लसवरून निघणाऱ्या प्रत्येक जाड वायरवर फ्यूज आहे का? नसेल तर त्याच दिवशी बसवा. गाणी नंतर ऐकू.