थंडीतलं महाबळेश्वर

सह्याद्रीच्या माथ्यावर, साडेचार हजार फुटांच्या आसपास वसलेलं महाबळेश्वर इंग्रजांनी उन्हाळ्यासाठी निवडलं आणि आजही गर्दीचा मोठा हंगाम उन्हाळ्याचाच मानला जातो. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा गाव महिनोन्‌महिने धुक्यात असतं. हिवाळ्यात मात्र हवा कोरडी, आकाश स्वच्छ, झरे वाहते आणि शेतात स्ट्रॉबेरी अशी स्थिती असते. या दिवसांत तिथे काय पाहावं, केव्हा पाहावं आणि ते तसं का असतं, याविषयी भूगोल शिकवणारे मामा आणि त्यांची भाची यांच्यातला हा संवाद.

भाची: मामा, दर डिसेंबरात पेपरात बातमी येते, महाबळेश्वरात दवबिंदू गोठले. त्याच बातमीत तापमान पाच-सहा अंश लिहिलेलं असतं. पाणी तर शून्याला गोठतं ना?

मामा: दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंच, झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचं तापमान सांगतो. गवताचं पातं, स्ट्रॉबेरीचं पान, मोटारीचा टप यांना असा आडोसा नसतो. ते रात्रभर उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. हवा चार-पाच अंशांवर असतानाच पानाचा पृष्ठभाग शून्याखाली जातो आणि त्यावरचं दव गोठतं.

भाची: पण मग हे हिमकण वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरातच का दिसतात? बाजारपेठेत तर कधी दिसल्याचं ऐकलं नाही.

मामा: थंड हवा जड असते. रात्री डोंगरउतारावरची हवा गार झाली की ती घसरत घसरत खालच्या सखल भागात जाऊन साचते. बाजारपेठ उंचावर आहे आणि वेण्णेचं खोरं तिच्या खाली. एरवी उंचावर गेलं की थंडी वाढते, पण अशा रात्री नियम उलटतो. पहाटे गावातून तलावाकडे उतरताना थंडी वाढलेली स्पष्ट जाणवते. शिवाय गावात इमारती आहेत, झाडी आहे. खाली मोकळी शेतं आहेत, तिथून उष्णता सरळ निघून जाते.

भाची: म्हणजे थंडी पडली की हिमकण नक्की दिसणार?

मामा: नक्की नाही. आकाश निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा. ढग आले तर ते गोधडीसारखे जमिनीची ऊब अडवतात. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, संध्याकाळी आकाशात ढग नसतील आणि झाडाचं पान हलत नसेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तलावाकाठी जावं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. त्याआधी अर्धा तास पोचलं पाहिजे, कारण ऊन लागल्यावर थोड्याच वेळात सगळं वितळतं. बोटींच्या फळ्या, जेटीच्या कडा आणि स्ट्रॉबेरीची पानं नीट बघावीत. पानाच्या दातेरी कडेवर कण आधी धरतात, मधला भाग बराच वेळ हिरवाच असतो.

भाची: शेतकऱ्याला हे परवडतं का?

मामा: मुळीच नाही. कोवळं फूल गोठलं की त्याचा मधला पिवळा भाग काळा पडतो आणि त्याला फळ धरत नाही. पानंही करपतात. ओल्या जमिनीत उष्णता जास्त साठते, म्हणून थंडीची लाट आली की पिकाला पाणी देतात. फोटो काढायला वाफ्यात शिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. ज्या पानावर आपण बोट फिरवतो, ते कुणाचं तरी नुकसान झालेलं पीक असतं.

भाची: कपडे किती घ्यायचे? काही जण म्हणतात, दुपारी स्वेटर नकोसा होतो.

मामा: बरोबर म्हणतात. दुपारी पारा पंचविशीच्या आसपास जातो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, एकेक काढता येतात. कानटोपी मात्र हवीच. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची: खोलीत कोळशाची शेगडी पेटवून, दार-खिडक्या लावून कधीही झोपू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. शेकोटी अंगणातच.

भाची: वेण्णा तलाव नैसर्गिक आहे का?

मामा: नाही, तो १८४२ मध्ये साताऱ्याच्या गादीवरच्या अप्पासाहेब महाराजांनी बांधवला. आज तिथे वल्ह्यांच्या आणि पायडलच्या बोटी चालतात, काठावर घोडे आणि भाजलेली कणसं असतात. नौकाविहार सकाळी ऊन वर आल्यावर करावा, सायंकाळी काठावर पाय ठेवायला जागा नसते.

भाची: आता स्ट्रॉबेरीचं सांगा. इथेच ती इतकी का पिकते?

मामा: देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात होते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी हे त्यामागचं मुख्य कारण. उन्हात पान साखर तयार करतं. रात्र गार असली की वनस्पतीचा श्वसनात होणारा खर्च कमी राहतो आणि फळ सावकाश पिकतं, त्यामुळे साखर फळात उरते. उताराच्या तांबड्या जमिनीत पाणी साचत नाही, हेही या पिकाला मानवतं. परदेशातून मातृरोपं आणतात, त्यांना फुटणाऱ्या धावत्या फांद्यांपासून नवी रोपं करतात आणि पाऊस ओसरू लागला की ती गादीवाफ्यांवर लावतात. वाफ्यावर प्लास्टिकचा मल्चिंग पेपर अंथरलेला असतो, त्याच्या भोकांतून रोप वर येतं आणि खालून ठिबकचं पाणी मिळतं. फळ मातीला टेकत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं आणि कुजत नाही.

भाची: शेतात जाऊन स्वतः तोडता येते ना?

मामा: पुष्कळ शेतकरी पैसे घेऊन तोडू देतात. आधी विचारावं, आणि दोन वाफ्यांमधल्या सरीतूनच चालावं. फळ हातात धरून ओढायचं नाही. देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळाला राहिली पाहिजे. आणि तोडायचं ते देठापर्यंत लाल झालेलंच. आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. खांद्याशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी डब्यात थोडी लाल होईल, गोड होणार नाही. बाजारात विकत घेतानाही हीच खूण पाहावी. आकार पाहून भुलू नये.

भाची: काही फळं वेडीवाकडी का असतात? औषधं मारल्याने?

मामा: बहुधा परागीभवन अपुरं झाल्याने. स्ट्रॉबेरीच्या अंगावर ज्या बिया दिसतात, ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तिची खरी फळं. आपण खातो तो लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. प्रत्येक बी फळली तर तिच्याभोवतीचा गर फुगतो. जिथली बी फळली नाही, तिथे खळगा राहतो. कडाक्याच्या थंडीत मधमाश्या कमी फिरतात, त्यामुळे अशी फळं वाढतात. चवीला ती तितकीच चांगली असतात आणि अनेकदा स्वस्त मिळतात.

भाची: बाजारात लाल मुळे आणि गाजरंही दिसतात.

मामा: इथली लांबट, कोवळी गाजरं थंडीतच खावीत. परदेशी भाज्यांची इथली लागवडही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इथे तुरुंग होता आणि त्यात चिनी कैदी ठेवलेले असत. बटाटा आणि इतर भाज्यांच्या लागवडीत त्यांच्या श्रमांचा मोठा वाटा होता. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला.

भाची: आता पॉइंट. गाडीवाले एका दिवसात दहा-बारा पॉइंट दाखवतो म्हणतात.

मामा: दहा-बारा ठिकाणी पाच-पाच मिनिटं उभं राहून काहीच दिसत नाही. सूर्य कुठे आहे, ते पाहून तीन निवडावेत. सूर्योदयासाठी विल्सन पॉइंट, तो इथला सगळ्यात उंच भाग, सुमारे १,४३९ मीटर. केट्स पॉइंट पूर्वेकडचा, तिथून धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं खोरं दिसतं. सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट प्रसिद्ध आहे, पण लॉडविक पॉइंटच्या सोंडेवर थोडं चालावं लागतं, म्हणून तिथे शांतता जास्त. १८२४ मध्ये हा डोंगर चढून आलेल्या लॉडविक या लष्करी अधिकाऱ्याचं नाव त्याला आहे. पुढे १८२९ मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून हा भाग करारानं घेतला आणि गाव वसवलं.

भाची: आणि आर्थर सीट? तिथे म्हणे खाली टाकलेली वस्तू वर येते.

मामा: कोकणातून येणारा वारा उभ्या कड्यावर आपटतो आणि त्याला वर वळण्याशिवाय वाट नसते. त्या झोताबरोबर हलकी वस्तू परत वर येते, एवढंच. पण ते बघण्यासाठी प्लास्टिकची झाकणं दरीत टाकणं बंद झालं पाहिजे. सगळी वर येत नाहीत, उरलेली सावित्रीच्या खोऱ्यात साचतात. वारा अनुभवायचा असेल तर कठड्याशी नुसतं उभं राहिलं तरी तोंडावर लागतो. तिथे जायचं ते साडेदहा-अकरानंतर. सकाळी दरीत धुकं कोंडलेलं असतं, ऊन तापल्यावर ते विरतं आणि थेट कोकणापर्यंतच्या डोंगररांगा दिसू लागतात.

भाची: त्याच रस्त्यावर क्षेत्र महाबळेश्वर लागतं ना?

मामा: हो, ते चुकवू नये. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानतात. ते पाणी गोमुखातून कुंडात पडतं. भूगोलाच्या दृष्टीने ही जागा विलक्षण आहे. सावित्री पश्चिमेला कोसळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि चौदाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून बंगालच्या उपसागराला जाते. वेण्णा तिला माहुलीला भेटते, कोयना कराडला. डोंगराच्या एकाच माथ्यावरचं पाणी दोन समुद्रांत वाटलं जातं. पलीकडे थोडं चालून गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. तिथे गर्दी नसते आणि दरीत उतरणारी कृष्णा समोर दिसते.

भाची: जिजाबाईंची सुवर्णतुला इथलीच?

मामा: इथलीच, आणि तीही थंडीतली. ६ जानेवारी १६६५, सूर्यग्रहणाच्या दिवशी, शिवाजी महाराजांनी मातोश्रींची आणि सोनोपंत डबीर यांची तुला इथे केली.

भाची: प्रतापगड एका दिवसात होतो?

मामा: अर्धा दिवस पुरतो. आंबेनळी घाटाने चोवीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकरवी तो बांधून घेतला आणि त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा वध झाला. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला तिथे शिवप्रतापदिन साजरा होतो. सुट्टी त्या सुमारास असेल तर अवश्य जावं. उन्हाळ्यात गडाच्या पायऱ्या दमवतात, हिवाळ्यात मुलं आणि वयस्कही सहज चढतात. भवानीचं दर्शन घेऊन बालेकिल्ल्यावर जावं आणि जावळीचं खोरं वरून न्याहाळावं. खानाचं सैन्य इथे का अडकलं, ते पुस्तकापेक्षा त्या रानाकडे पाहून लवकर कळतं.

भाची: दुपारी काय करायचं?

मामा: पाचगणीच्या वाटेवर भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घरांत, देवळात, शाळेत विषयवार मराठी पुस्तकं मांडलेली असतात. कुणाच्याही पडवीत बसून फुकट वाचता येतं. पाण्याची ओढ असेल तर तापोळ्याला जावं, कोयनेच्या शिवसागर जलाशयात हिवाळ्यात पाणी भरपूर असतं. आणि काहीच नको असेल तर जांभूळ, हिरडा, अंजनीच्या सदाहरित रानातली पायवाट धरावी. शेकरू दिसण्याची शक्यता सकाळी जास्त. ते आधी ऐकू येतं, मग फांद्यांवरून उडी मारताना दिसतं.

भाची: रात्री आठनंतर खोलीतच बसायचं?

मामा: जे निरभ्र आकाश पहाटे दव गोठवतं, तेच रात्री तारे दाखवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास कृत्तिका, रोहिणी आणि मृग ही नक्षत्रं वर आलेली असतात, मृगाखाली व्याध झळकतो. पाचगणीच्या किंवा बाजाराच्या दिव्यांपासून दूर, मुक्कामाच्या अंगणातूनही ते दिसतात. अमावास्येच्या आसपासची सुट्टी त्यासाठी उत्तम.

भाची: मग नाताळच्या सुट्टीत निघूया?

मामा: नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळावा. पसरणी घाटात आणि वेण्णा तलावापाशी गाड्यांच्या रांगा लागतात, खोल्यांचे दर चढतात आणि दिवसातला मोठा भाग गाडीत जातो. थंडी त्या आठवड्यात संपत नाही, स्ट्रॉबेरीही नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा, सोमवार ते गुरुवार, ही सगळ्यात चांगली वेळ. मुक्काम निदान दोन रात्रींचा ठेवावा, म्हणजे एका पहाटे ढग आले तरी दुसरी हाताशी असते. आणि परत निघण्याच्या दिवशी स्ट्रॉबेरी सकाळी घ्यावी, उथळ डब्यात एकाच थरात ठेवावी, न धुता न्यावी. घरी पोचल्यावर खायच्या वेळीच धुवावी.