बचत गटातून उद्योगाकडे

प्रश्न : बचत गटातील महिला आणि गावातील बेरोजगार तरुणांना मसाले-पापडांचा उद्योग काढायचा असल्यास भांडवल कसे उभे करावे?

उत्तर : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख नोंदी ही गटाची पंचसूत्री म्हणजेच त्याची पत. नाबार्डने 1992 मध्ये सुरू केलेल्या बँक जोडणीमुळे अशा गटांना कर्ज मिळू लागले. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ ('माविम') आणि राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान ('उमेद') त्यासाठी गटांना मार्गदर्शन करतात.

स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे. तिच्या शिशु गटात 50 हजार, तर किशोर गटात 5 लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. राज्याच्या 2019 च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलांना प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे. मात्र ते रोख हाती न येता कर्जखात्यात समायोजित होते.

गरिबी हटते ती कर्जाने नव्हे, तर नफ्याने. म्हणून आधी जवळच्या आठवडी बाजारात आणि किराणा दुकानांत मागणी तपासावी. किंमत ठरवताना कच्चा माल, वीज, पॅकिंग, वाहतूक यांच्याबरोबर महिलांची स्वतःची मजुरीही धरावी. ती हमखास वगळली जाते आणि तोटा लपून राहतो. अन्नसुरक्षा नोंदणी विक्रीपूर्वीच करावी.

मुंबईत गिरगावात 1959 मध्ये सात महिलांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड उद्योग पुढे हजारो महिलांचा आधार झाला. सुरुवात लहान असावी, हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून पक्का हवा.