वाफेच्या वायुनौकेचा कप्तान

भातसा नदीच्या काठी वसलेले खडवली हे ठाणे जिल्ह्यातील एक गाव आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली गाडी टिटवाळा सोडून येथे येते व पुढे वासिंदकडे जाते. आज या मार्गावरील गाड्या विजेवर धावतात. परंतु १८५५ साली कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा गाडी ओढण्याचे काम वाफेचे एंजिन करीत असे. त्याच सुमारास दूर फ्रान्स देशात एक मनुष्य हीच वाफ आकाशात नेण्याच्या खटपटीत होता. त्याचे नाव आंरी जिफार.

माणूस फुग्यात बसून आकाशात गेला, त्याला तोवर सत्तर वर्षे होत आली होती. १७८३ साली फ्रान्समध्येच तो पराक्रम घडला होता. परंतु फुगा वाऱ्याचा दास असतो. वारा नेईल तिकडे त्याला जावे लागते. शीड नाही, सुकाणू नाही, अशा नौकेतून प्रवास तरी कसा करावा? आगबोट जशी पाणी कापीत हव्या त्या दिशेने जाते, तशी वायुनौका हवेतून नेता येईल काय, हा प्रश्न जिफारला पडला.

त्याने सुमारे ४४ मीटर लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता असा फुगा तयार केला. त्याखाली एंजिन, बॉयलर व हवा मागे लोटणारा पंखा बसविला. एंजिन आणि बॉयलर यांचे मिळून वजन सुमारे दीडशे किलो होते, आणि शक्ती होती अवघी तीन अश्वशक्ती! वर ठिणगी पडताच भडकणारा वायू आणि खाली धगधगता विस्तव, असे हे धाडस होते. म्हणून जिफारने धुराडे उलटे, खाली तोंड करून बसविले व भट्टीच्या तोंडाशी तारेची जाळी लावली. साहसाला सावधगिरीची जोड हवी, हे तो जाणून होता.

२४ सप्टेंबर १८५२ रोजी तो पॅरिसहून एकटाच वर चढला. नौकेचा कप्तान तोच, सुकाणू धरणाराही तोच आणि भट्टीत कोळसा घालणाराही तोच. सुमारे २७ किलोमीटर अंतर तोडून तो सुखरूप खाली उतरला. नौकेला वळविणे त्याला साधले. परंतु समोरच्या वाऱ्याशी झुंजून निघाल्या जागी परतणे साधले नाही. १८५५ साली एका साथीदारासह त्याने दुसरी नौका उडविली. उतरताना ती कलली व फुगा जाळ्यातून निसटला. दोघांचे प्राण वाचले, हेच मोठे भाग्य.

या अपयशाचे कारण वजनात होते. अधिक शक्ती हवी, तर मोठे एंजिन हवे. एंजिन मोठे झाले, की ते उचलण्यास फुगाही मोठा हवा. आणि फुगा मोठा झाला, की वाराही त्याला अधिक अडवितो. जमिनीवर मात्र एंजिनाचे वजन हा दोष ठरत नाही. त्या भारानेच चाके रुळांवर घट्ट बसतात आणि गाडी ओढली जाते. पुढे १८८४ साली निघाल्या जागी परत येणारी वायुनौका फ्रान्समध्ये उडाली, ती विजेच्या मोटारीवर.

जिफार मात्र खचला नाही. वाफेच्या एंजिनाची एक मोठी अडचण त्याला दिसत होती. बॉयलरमधील पाणी वाफ होऊन सतत कमी होत असते. ते फार कमी झाले, तर भट्टीवरचा पत्रा उघडा पडून तापतो व बॉयलर फुटण्याची भीती असते. पूर्वी पाणी भरणारा पंप एंजिनाच्या चालीवर चाले. एंजिन उभे राहिले, की पंपही थांबे. म्हणून केवळ पाणी भरण्यासाठी ड्रायव्हरला एंजिन मागेपुढे चालवावे लागे. १८५८ साली जिफारने यावर उपाय शोधला. त्याच्या इंजेक्टर नावाच्या साधनात वाफ अरुंद नळीतून वेगाने सुटते, पाणी आपल्याकडे ओढून घेते व त्याला बॉयलरमध्ये लोटते. त्याला पंपाचा दांडा लागत नाही, की चाकांची चालही लागत नाही.

हे लहानसे साधन जगभरच्या एंजिनांवर बसले. १८६५ साली कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत लोहमार्ग पोहोचला. त्या घाटात काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. वाफेच्या एंजिनांच्या काळी अशा चढावर ड्रायव्हरची नजर पुढच्या वाटेवर, तर फायरमनची नजर पाणी दाखविणाऱ्या काचेवर असावी लागे. एकाने हयगय केली, तर दोघांचेच नव्हे, मागे बसलेल्या शेकडो प्रवाशांचेही प्राण संकटात येत.

जिफार १८८२ साली वारला. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्याचेही नाव आहे. आकाशात त्याची वाफ हरली. पण त्याच्या बुद्धीने जमिनीवरील असंख्य गाड्यांना सुखरूप मुक्कामी पोहोचविले.

स्वाध्याय
१. जिफारने धुराडे उलटे का बसविले?
२. एंजिनाचे वजन आकाशात अडचणीचे, पण रुळांवर उपयोगाचे कसे ठरते?
३. ‘साहसाला सावधगिरीची जोड हवी’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.