माळ्याची सुरी

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर १४ व्या शतकापासून सुऱ्यांसाठी विख्यात आहे. तेथे १९ व्या शतकात घडविलेल्या माळीकामाच्या सुऱ्या आज अनेक संग्राहक आवडीने जमवितात.

या सुऱ्यांची घडण मोठी विचारपूर्वक केलेली असते. छाटणीच्या सुरीचे पाते आतल्या बाजूस बाकदार असते. त्यामुळे ओढताना फांदी धारेवरून निसटत नाही. मूठ पुष्कळदा हरणाच्या शिंगाची असते. शिंग खरबरीत असल्यामुळे ओल्या हातातही मूठ घट्ट बसते. डोळे भरण्याच्या सुरीस मुठीच्या टोकाशी हाडाची अथवा हस्तिदंताची गुळगुळीत पट्टी असते. तिच्या साहाय्याने झाडाची साल इजा न होता अलगद उचलता येते.

जुन्या सुरीचे पाते बहुधा अरुंद झालेले आढळते. धार लावण्याच्या दगडावर वर्षानुवर्षे घासले गेल्यामुळे ते झिजलेले असते. नवखा संग्राहक गंज काढण्यासाठी असे पाते खसखसून घासतो. पाते लखलखीत होते खरे. परंतु त्यावर ठसविलेले कारखान्याचे पुसट नावही गंजाबरोबर नाहीसे होते. मग ती सुरी कोठली व केव्हाची, हे ओळखणे कठीण होऊन बसते.

जाणता संग्राहक केवळ तेलाचा बोळा फिरवून गंज थोपवितो आणि झीज जशीच्या तशी राहू देतो. ती झीज हा सुरीचा दोष नव्हे. ज्या माळ्याचे नाव कोणत्याही ग्रंथात आढळत नाही, त्याच्या श्रमांची ती एकमेव नोंद होय.