यंदाचा संकल्प : आधी बुडखे मोजा



पाडवा तोंडावर आला आहे. गळीत हंगाम आवरत आला, बहुतेकांचा ऊस काट्यावरून उतरला आणि घरोघरी पुढच्या सालाच्या गोष्टी सुरू झाल्या. गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांकडून सध्या आम्ही दोनच संकल्प ऐकतो. कोणी म्हणतो, "यंदा एकरी शंभर टन काढायचाच." कोणी म्हणतो, "यंदा आणखी एक एकर उसाखाली घालतो." पहिला ऐकायला बरा वाटतो. दुसऱ्याची मात्र आम्हाला धास्ती वाटते.

एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी जेवढे असते तेवढेच असते. दोन एकरांचे पाणी तीन एकरांना पाजले की तिन्ही एकर अर्धपोटी राहतात, आणि पीककर्ज मात्र तिन्ही एकरांचे फेडावे लागते. म्हणून क्षेत्र वाढवण्याचा संकल्प ज्याच्या पाण्याची खात्री आहे त्यानेच करावा. बाकीच्यांनी आहे त्याच रानात टनेज शोधावे.

आता शंभर टनांचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ऊसभूषण पुरस्कार घेणारे शेतकरी आपल्याच महाराष्ट्रातले आहेत, तेव्हा मोठे टनेज निघतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण एकरी शंभर टन म्हणजे गुंठ्याला अडीच टन. गुंठ्यात हजार ऊस आणि प्रत्येक ऊस अडीच किलोचा. ज्याचा ऊस यंदा एकरी अडतीस टन भरला, त्याने पाडव्याला शंभराचा आकडा धरला तर ज्येष्ठापर्यंत तो त्याचा त्यालाच आठवत नाही. आकडा मोठा आहे एवढाच त्याचा दोष नाही. सालभरात तो कुठे मोजायला सापडत नाही. टन दिसतो तो काट्यावर, आणि तेव्हा हातात करण्यासारखे काही उरलेले नसते.

म्हणून आमचे सांगणे असे की संकल्प टनात करू नका, उसाच्या संख्येत किंवा एका उसाच्या वजनात करा. दोन्हींपैकी तुमच्या रानात कमी काय पडले, हे आज कळू शकते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : काट्याच्या पावत्या आणि रानातले बुडखे.

तुटलेला प्रत्येक ऊस आपला बुडखा मागे ठेवून गेलेला आहे. पाचट थोडे बाजूला सारा. सरीत दहा फूट दोरी धरा आणि तेवढ्यातले तुटलेले बुडखे मोजा. पाणकोंभ मोजू नका. बांधाकडचा ऊस नेहमीच चांगला असतो, तो सोडून रानात आत जा आणि पाच ठिकाणी मोजून सरासरी काढा. सरी साडेचार फुटांची असेल तर या आकड्याला चोविसाने गुणा, चार फुटांची असेल तर सत्तावीसने, पाच फुटांची असेल तर बावीसने. आली ती गुंठ्यातली ऊससंख्या. (ज्यांनी पाचट पेटवले त्यांना बुडखे मोजणे सोपे जाईल, पण एकरी तीन ते चार टन पाचट त्यांनी वाऱ्यावर घालवले, एवढे बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही.) मग पावत्यांची बेरीज करा, गुंठ्याला किती किलो पडले ते काढा आणि त्याला संख्येने भागा. एका उसाचे वजन हाती येते. हा हिशेब घरातल्या शाळेच्या मुला-मुलींकडून करून घ्या. कारभाऱ्याने मोजले की आकडा थोडा फुगतो, असा आमचा अनुभव आहे.

याने काय साधते पाहा. समजा, दोन शेजाऱ्यांचा ऊस एकरी अडतीस टनच भरला, म्हणजे गुंठ्याला ९५० किलो. सरी दोघांचीही साडेचार फुटांची. पहिल्याच्या दहा फुटांत २८ बुडखे निघाले, म्हणजे गुंठ्याला ६७२ ऊस, वजन सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. दुसऱ्याच्या दहा फुटांत ४२ निघाले, म्हणजे १००८ ऊस, वजन साडेनऊशे ग्रॅमसुद्धा नाही. पावती सारखी, दुखणे निराळे. पहिल्याने खताची आणखी दोन पोती ओतली तरी जिथे बेटच नाही तिथे ती कोण खाणार? आणि दुसऱ्याने बेणे दाट लावले तर आधीच गर्दी, त्यात आणखी गर्दी.

पहिल्याचा संकल्प असा असावा : दहा फुटांत २८ चे ३५. वजन थोडे उतरून १ किलो ३५० ग्रॅम आले तरी एकरी पंचेचाळीस टन होतात. त्याचे काम आत्ताच आहे. खोडव्यात दोन बेटांमध्ये दोन फुटांहून जास्त तुटाळ दिसेल तिथे तयार रोपाने नांग्या भराव्यात. टिपरी टाकून नांगी भरली असे समजू नये, जुन्या बेटाच्या फुटव्याखाली ती दबून जाते. हेक्टरी लाख ऊस, म्हणजे गुंठ्याला हजार, असेल तिथे खोडवा ठेवावा अशी शिफारस आहे. ६७२ चे रान नांग्या भरून सुधारण्यासारखे आहे. याहून फार खाली असेल तर खोडव्याचा मोह सोडून रान नांगरावे, असे आमचे मत. पुढच्या लागणीला बेणे मळ्यातले, नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे घ्यावे. खोडव्याचे बेणे फुकट मिळाले तरी नको.

दुसऱ्याला एका उसामागे फक्त पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम वाढवायचे आहेत, तेवढ्यात तोही पंचेचाळीसला पोचतो. त्याचा संकल्प तारखांचा आहे. जानेवारीत लावलेल्या सुरू उसाची मोठी बांधणी चार-साडेचार महिन्यांत झालीच पाहिजे. ती लांबली की उशिरा आलेले फुटवे अन्न खातात, पण त्यांचा ऊस होत नाही. नत्र चार हप्त्यांत द्यावे : लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि बांधणीला चाळीस. बांधणीचा हप्ता पैशाअभावी चुकतो हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ते पैसे आजच, शेवटच्या बिलातून वेगळे काढून ठेवावेत. घरच्या बाईच्या हाती दिले तर सुरक्षित राहतात. खोडव्यात खताचे दोनच हप्ते, पहिला तुटल्यापासून पंधरा दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी, पहारीने भोक घेऊन बेटापासून अर्ध्या फुटावर. फोकून नव्हे.

पाचट दोघांनीही ठेवावे. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून ओलावा राखला की ते रानातच कुजते आणि उन्हाळ्यात एखादी पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तग धरतो. पाण्याच्या ओढीत हेच पाचट आणखी एका एकराच्या हव्यासापेक्षा जास्त कामी येते.

अडतीसचे पंचेचाळीस म्हणजे दोन एकरांत चौदा टन. दर तुम्हाला पाठ आहे, गुणून पाहा. उसाचा दर उताऱ्यावर आणि सरकारी ठरावावर अवलंबून असतो, त्यात एकट्याचे काही चालत नाही. दहा फुटांतले सात ऊस वाढवणे मात्र आपल्या हातात आहे.

बुडखे छाटून जमिनीलगत केल्यावर ही मोजणी होत नाही. तेव्हा खोडव्याच्या छाटणीला माणसे लावण्याआधी दोरी घेऊन एकदा रानात फिरा. आकडे आणि काट्याच्या पावत्या घेऊन आपल्या गट ऑफिसात या. शेतकी मदतनीस ते वहीत उतरून घेतील, आणि मोठ्या बांधणीच्या आधी तुमच्याच रानात, त्याच पाच ठिकाणी, तुमच्याबरोबर उभे राहून कोंभ मोजतील.